नॅपकिन लागला की सॉफ्टवेअर बंद : सी शार्पमधला भटका पॉइंटर कसा पकडायचा

आधी लक्षण सांगतो. टेरी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग टेबलावर कॅमेरा बसवलाय, खालून ताका सरकतोय आणि सी शार्पमध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर तुटलेला धागा, सुटलेला लूप, तेलाचा डाग शोधून स्क्रीनवर लाल चौकट काढतंय. तासन्‌तास सगळं नीट चालतं आणि मग एकाएकी खिडकी गायब होते. एररचा डबा येत नाही, आपल्या लॉग फाइलमधली शेवटची ओळसुद्धा अर्धवट राहते. ऑपरेटर आयकॉनवर डबल क्लिक करतो, काम परत सुरू होतं आणि पुढच्या शिफ्टला पुन्हा तेच.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीकडच्या कारखान्यांत अशी कॅमेऱ्याची कामं करताना हे दुखणं मी इतक्यांदा पाहिलंय, की एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, त्याची डीएलएल (तयार फंक्शनची फाइल) सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली असते, आपलं सॉफ्टवेअर सी शार्पमध्ये असतं आणि दोघांच्या मध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, असतो. बिघाड बहुतेक वेळा त्या सांध्यातच सापडतो. कॅमेऱ्याच्या जागी वजनकाटा, बारकोड प्रिंटर, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) काहीही असू दे. बाहेरची डीएलएल आपल्याकडे पॉइंटर मागत असेल तर खालचं सगळं तिथेही लागू पडतं.

ऊन आणि वीज आधी बाजूला काढा

असं काही झालं की कारखान्यात दोन कारणं लगेच पुढे येतात : पीसी तापला, नाहीतर लाइट फडफडली. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या शेडखाली पॅनेलमधला पीसी खरोखरच तापतो, त्यामुळे मालकांचा संशय साहजिक आहे. पण हे तपासणं सोपं आहे. वीज गेली किंवा पीसी तापून बसला तर अख्खं विंडोज बंद पडून परत सुरू होतं आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टम लॉगमध्ये कर्नल-पॉवर या नावाखाली ४१ नंबरची नोंद पडते. ती नोंद नसेल, विंडोज जागच्या जागी असेल आणि फक्त आपला प्रोग्रॅम उडाला असेल, तर पंखा आणि यूपीएस बदलण्यात पैसे घालू नका. रॅमची शंका असेल तर विंडोजचंच मेमरी डायग्नोस्टिक एका रात्री लावून टाका आणि तो विषय मिटवा.

आता इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये या. तिथे ॲप्लिकेशन एरर या स्रोताची १००० नंबरची नोंद आणि बहुधा तिच्या शेजारीच डॉट नेट रनटाइमची (सी शार्पचा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) १०२६ किंवा १०२३ नंबरची नोंद सापडेल. त्यातला एक्सेप्शन कोड, म्हणजे चुकीचा आकडा, नीट वाचा. शेवट सी००००००५ असा असेल तर परवानगी नसलेल्या पत्त्याला कुणीतरी हात घातला. सी००००३७४ असेल तर विंडोजचा स्वतःचा हीप (प्रोग्रॅमला लागेल तशी मेमरी देणारा साठा) बिघडलेला आढळला. म्हणजे डीएलएलने घेतलेल्या किंवा आपण अलॉक-एचग्लोबलने घेतलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर कुणी लिहिलं, नाहीतर ती मेमरी दोनदा मोकळी केली. ८०१३१५०६ दिसला तर डॉट नेटच्या रनटाइमलाच आपल्या हीपमध्ये काहीतरी भलतं सापडलं. हा तिसरा आकडा दिसला की मी दुसरीकडे कुठे शोधतच नाही, सरळ पॉइंटर वापरणारी फाइल उघडतो.

त्याच नोंदीत ज्या मॉड्यूलमध्ये चूक झाली त्याचं नाव असतं : सीएलआर, कोअरसीएलआर, एनटीडीएलएल, कधी जीडीआय-प्लस (विंडोजची चित्रं काढणारी डीएलएल). इथे बरेच जण फसतात. 'चूक मायक्रोसॉफ्टच्या डीएलएलमध्ये आहे' असं वाटतं, मग डॉट नेट काढून परत टाकणं, विंडोज फॉरमॅट करणं असे उद्योग चालू होतात. नोंदीत प्रोग्रॅम जिथे कोसळला ती जागा येते. मेमरी जिथे बिघडली ती जागा वेगळी असते आणि दोघींच्या मध्ये काही सेकंद किंवा काही मिनिटं गेलेली असतात. गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी परत घेणारा डॉट नेटचा भाग) हीप चाळायला निघतो तेव्हा बिघडलेला ऑब्जेक्ट पहिल्यांदा त्याच्या हाती लागतो, म्हणून नाव त्याचं येतं.

ट्राय-कॅच (एक्सेप्शन पकडणारा कोड) घालून हे थांबत नाही. डॉट नेट फ्रेमवर्क ४, म्हणजे २०१० पासून, मेमरी बिघडल्याचे एक्सेप्शन साध्या कॅचपर्यंत पोचूच दिले जात नाहीत. फ्रेमवर्कमध्ये एक खास ॲट्रिब्यूट लावून ते पकडता यायचे, डॉट नेट कोअर आणि पुढच्या आवृत्त्यांत तीही सोय नाही. माझ्या मते हे बरोबरच केलं. ज्या मेमरीचा भरवसा उरलेला नाही तिच्यावर प्रोग्रॅम चालत राहिला तर तो चांगला टॉवेल खराब म्हणून बाजूला काढेल आणि खराब टॉवेल गठ्ठ्यात घालेल, आणि ते कुणाला कळणारही नाही. टास्क शेड्युलरमधून प्रोग्रॅम आपोआप परत सुरू करण्याची युक्तीही अनेक ठिकाणी पाहिली. तिने ऑपरेटरचा डबल क्लिक वाचतो, बाकी बिघाड आहे तिथेच राहतो.

ऑपरेटरला विचारा

अशा एका कामात सगळ्यात उपयोगी वाक्य टेबलावरच्या ऑपरेटरने सांगितलं : "सर, बाथ टॉवेल लावला की काही होत नाही बघा, दिवसभर चालतंय. नॅपकिन लावलं की जातंय."

हे वाक्य 'योगायोग' म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. सोडू नका. मशीनजवळ दिवसभर उभा असलेला माणूस काय पाहतो ते आपल्या लॉगमध्ये येत नाही. बाथ टॉवेलला सॉफ्टवेअर अख्खी चौकट, म्हणजे कॅमेऱ्याचं एक पूर्ण चित्र, घेत होतं : २०४८ गुणिले १०२४ पिक्सेल, एका पिक्सेलला एक बाइट, म्हणजे वीस लाखांहून जास्त बाइटचा ॲरे (सलग रांग). नॅपकिन अरुंद, म्हणून कॅमेऱ्याकडून छोटे तुकडे मागवले जात होते : २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ बाइट.

डॉट नेटमध्ये ८५,००० बाइट किंवा त्याहून मोठा ऑब्जेक्ट वेगळ्या जागी, लार्ज ऑब्जेक्ट हीपमध्ये ठेवला जातो आणि ती जागा एरवी आवरली जात नाही. मोठा ॲरे एकदा जिथे बसला तिथेच राहतो. त्याहून लहान ॲरे साध्या हीपमध्ये जातो आणि तिथे गार्बेज कलेक्टर मेलेल्या ऑब्जेक्टची जागा मोकळी करून जिवंत ऑब्जेक्ट एकमेकांना चिकटवून ठेवतो. म्हणजे ते सरकतात. गोडाऊनमध्ये माल गेला की गोडाऊनवाला उरलेले ताके एका बाजूला सरकवून घेतो, तसं. सी शार्पचे साधे रेफरन्स रनटाइम स्वतः दुरुस्त करतं, त्यामुळे आपल्याला कधी जाणवत नाही. पण आपण काढून ठेवलेला कच्चा पॉइंटर म्हणजे नुसता आकडा. तो कुणी दुरुस्त करत नाही.

बाथ टॉवेलला तोच चुकीचा कोड चालत होता, कारण ॲरे मोठा होता. नॅपकिनला तो ॲरे सरकू लागला.

कोडमध्ये नेमकं काय होतं

असा कोड मी जवळजवळ एकाच साच्यात पाहिलाय. फिक्स्ड ब्लॉक उघडायचा, ॲरेच्या पहिल्या बाइटचा पत्ता घ्यायचा, तो इंट-पीटीआरमध्ये टाकायचा, कॅमेऱ्याच्या डीएलएलला 'हा बफर (चित्रासाठीची मेमरी), यात चित्र भर' म्हणून द्यायचा आणि ब्लॉक बंद करायचा. वाचताना काही वावगं वाटत नाही. फिक्स्ड आहे, अनसेफ (कच्चे पॉइंटर वापरू देणारी खूण) आहे, प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये अनसेफ कोडला परवानगीही आहे.

पण फिक्स्डचं वचन त्या ब्लॉकच्या शेवटच्या कंसापर्यंतच असतं. ब्लॉक चालू आहे तोवर ॲरे खिळवून ठेवलेला असतो, ब्लॉक संपला की तो मोकळा. डीएलएलचं ते फंक्शन मात्र पत्ता लिहून घेऊन लगेच परत येतं आणि खरं चित्र पुढे, तिच्या स्वतःच्या थ्रेडवर (समांतर चालणारं काम), चौकट आली की भरतं. मध्ये एकदा जरी गार्बेज कलेक्टरने हीप आवरला तरी डीएलएल जुन्या जागी ६५,५३६ बाइट ओतते. तिथे आता कुणाचं काय असेल याचा नेम नाही : एखादी स्ट्रिंग, डेटाबेस कनेक्शन, लॉगची यादी.

कलेक्टर प्रत्येक वेळी हीप आवरतोच असं नाही, आणि तो कधी चालेल हे आपण किती ऑब्जेक्ट बनवतो यावर ठरतं. म्हणून वेळ अनियमित. याच कारणाने, शोधासाठी लॉगच्या ओळी वाढवल्या की प्रोग्रॅम लवकर तरी कोसळतो नाहीतर अजिबातच कोसळत नाही. प्रत्येक ओळीसोबत नव्या स्ट्रिंग बनतात आणि कलेक्टरची वेळ बदलते. लॉग घातल्यावर बंद पडणं थांबलं, तर बिघाड गेला असं समजून ते बिल्ड ग्राहकाकडे पाठवू नका.

दुरुस्ती

बफर जितका वेळ डीएलएलच्या हाती आहे तितका वेळ तो हलला नाही पाहिजे आणि मोकळाही झाला नाही पाहिजे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही लागतात.

डॉट नेट ५ (२०२०) किंवा पुढची आवृत्ती असेल तर सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे जीसी क्लासचं अलोकेट-ॲरे फंक्शन, त्यात पिन्ड (जागी खिळवलेला) हा पर्याय ट्रू करून. असे ॲरे वेगळ्या पिन्ड ऑब्जेक्ट हीपवर बसतात आणि आयुष्यभर हलत नाहीत. मात्र त्यांचा रेफरन्स आपल्या एखाद्या फील्डमध्ये धरून ठेवावाच लागतो. कुणीच धरलं नाही तर तो ॲरेही गोळा होतो आणि डीएलएल मोकळ्या जागेत लिहीत बसते.

जुन्या मशीनवर डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ असतं आणि ते बदलायला मालक सहसा तयार नसतात. तिथे जीसीहँडल वापरा : अलॉक करताना प्रकार पिन्ड द्या, पत्ता ॲडर-ऑफ-पिन्ड-ऑब्जेक्टमधून घ्या आणि काम संपल्यावर फ्री करा. प्रत्येक चौकटीला नवा ॲरे पिन करत बसू नका. खिळवलेले लहान ॲरे हीपभर विखुरले की कलेक्टरला जागा आवरता येत नाही आणि प्रोग्रॅमची मेमरी फुगत जाते. प्रोग्रॅम सुरू होतानाच आठ-दहा बफर घ्या, ते पिन करा आणि आळीपाळीने वापरा. तिसरा मार्ग म्हणजे मार्शल क्लासच्या अलॉक-एचग्लोबलने डॉट नेटच्या हीपच्या बाहेरच मेमरी घेणं. ती हलत नाही, पण मोकळी करण्याची जबाबदारी पूर्ण आपली. ती एखाद्या सेफहँडलच्या आत गुंडाळा, म्हणजे वाटेत एक्सेप्शन आला तरी ती मोकळी करायची राहणार नाही.

बाथ टॉवेलचा बफर ८५,००० च्या वर आहे म्हणून त्याला पिन करायची गरज नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. फ्रेमवर्क ४.५.१ पासून लार्ज ऑब्जेक्ट हीपही सांगून आवरता येतो. उद्या एखादी लायब्ररी आत तसं सांगत असेल तर आपल्याला कळणार नाही.

पुरावा कसा मिळवायचा

फक्त कोड वाचून खात्री होत नसेल तर डम्प, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची नक्कल, घ्या. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं प्रॉकडम्प हे छोटं साधन पूर्ण मेमरीच्या पर्यायासह आपल्या प्रोग्रॅमवर लावून ठेवा, तो कोसळला की फाइल तयार होते. ती प्रोग्रॅमने वापरलेल्या मेमरीएवढी मोठी असते, तेव्हा सी ड्राइव्हवर जागा आहे का ते आधी बघा. कारखान्यातला पीसी बऱ्याचदा जुन्या चित्रांनी भरलेला असतो.

ही फाइल विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या डीबगरमध्ये उघडून एसओएस (डॉट नेटची मेमरी वाचणारी जोड) लोड करा आणि व्हेरिफाय-हीप कमांड द्या. ज्या ऑब्जेक्टपाशी हीप बिघडला आहे त्याचा पत्ता ती देते. तिथे थांबू नका. लिस्ट-निअर-ऑब्ज या कमांडने त्याच्या अलीकडचा शेवटचा धड ऑब्जेक्ट बघा. तो बाइटचा ॲरे निघाला तर बहुधा त्याच्याच हद्दीपलीकडे कुणी लिहिलंय.

मग बिघडलेल्या जागेचे कच्चे बाइट बघा. प्रत्येक ऑब्जेक्टच्या सुरुवातीला त्याच्या प्रकाराचा पत्ता असतो, ६४ बिटमध्ये आठ बाइट. त्या जागी मला २२५, २२३, २२८, २२६ अशी रांग दिसली, पुढेही तीच चाल, एकही आकडा फार वर-खाली नाही. पत्ता असा नसतो. पांढऱ्या टॉवेलवर दिवा पडल्यावर कॅमेऱ्याला दिसणारा उजेड असा असतो. प्रकाराचा पत्ता असायला हवा तिथे कापडाचा तुकडा बसला होता. यानंतर पीसी तापल्याची चर्चा पुन्हा निघाली नाही. ज्यांना हेक्स वाचायची सवय नाही त्यांनीही हे एकदा करून बघावं. बिघडलेल्या जागेत नेमकं काय लिहिलंय ते पाहिलं, की ते कुणी लिहिलं हे सहसा कळतं.

डम्पशिवाय करता येईल अशी आणखी एक गोष्ट : प्रत्येक बफर हवा त्याहून ६४ बाइट मोठा घ्या, शेवटच्या ६४ बाइटमध्ये १७१ हा आकडा भरून ठेवा आणि प्रत्येक चौकटीनंतर ते सगळे १७१ च आहेत का ते तपासा. एक जरी बदलला तर त्याच क्षणी लॉगमध्ये नोंद करून प्रोग्रॅम स्वतः थांबवा. वेळेचा खर्च नगण्य आहे आणि हद्दीबाहेर लिहिणारी चौकट जागच्या जागी पकडली जाते.

स्ट्राइड

हद्दीबाहेर लिहिण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे. बिटमॅपवर लॉकबिट्स केलं (चित्राच्या मेमरीचा थेट पत्ता घेतला) की चित्राची एक ओळ मेमरीत रुंदीइतकीच असते असं गृहीत धरलं जातं. विंडोजमध्ये ती चारच्या पटीत वर नेलेली असते, आणि ओळीच्या या खऱ्या लांबीला स्ट्राइड म्हणतात. २५० पिक्सेल रुंद, एक बाइटवाल्या चित्राची ओळ २५२ बाइटची. अडीचशे ओळी असल्या तर खरी मेमरी ६३,००० बाइट आणि रुंदी गुणिले उंची ६२,५००. आपण साडेबासष्ट हजारांचा ॲरे घेतला आणि स्ट्राइड गुणिले उंची इतके बाइट पॉइंटरने कॉपी केले, तर शेवटचे ५०० बाइट शेजाऱ्याच्या अंगावर गेले.

उलट बाजूने चुकलं तर प्रोग्रॅम पडत नाही, चित्र तिरकं होतं. टॉवेलची सरळ किनार स्क्रीनवर पायरीपायरीने कलंडलेली दिसली की कॅमेऱ्याचा स्क्रू आवळण्याआधी स्ट्राइड बघा. रुंदी चारच्या पटीत असताना दोन्ही चुका लपतात, म्हणून २०४८ किंवा २५६ वर चाचणी करून समाधान मानू नका. मुद्दाम २५० घ्या, २५१ घ्या. ओळीचा पत्ता काढताना कायम स्कॅन-झीरोमध्ये (पहिल्या ओळीचा पत्ता) ओळ क्रमांक गुणिले स्ट्राइड मिळवा. काही चित्रं मेमरीत खालून वर असतात, तिथे स्ट्राइड ऋण येतो, आणि हे सूत्र तिथेही चालतं.

पॉइंटर देऊन बिटमॅप बनवण्याची सोयही जपून वापरा. तो बिटमॅप चित्र कॉपी करत नाही, दिलेल्या पत्त्यावरूनच वाचत राहतो. तो स्क्रीनवर असताना बफर मोकळा केलात तर प्रोग्रॅम जीडीआय-प्लसमध्ये कोसळतो. स्क्रीनसाठी वेगळी कॉपी करा.

कॉलबॅक

बफर नीट पिन केले आणि तरीही बंद पडतंय, तर डेलिगेट (आपल्या मेथडकडे बोट दाखवणारा ऑब्जेक्ट) बघा. 'चौकट आली की हे फंक्शन बोलव' असं डीएलएलला सांगताना आपण मेथडचं नाव सरळ लिहून देतो. कंपायलर तिथल्या तिथे एक डेलिगेट ऑब्जेक्ट बनवतो आणि रनटाइम त्याच्यासाठी एक पत्ता तयार करून डीएलएलला देतं. डीएलएल तो पत्ता जपते, पण गार्बेज कलेक्टरला डीएलएलच्या पोटातलं दिसत नाही. आपल्या बाजूने कुणीच त्या डेलिगेटला धरलेलं नसेल तर तो गोळा होतो आणि पुढची चौकट मेलेल्या पत्त्यावर येऊन आदळते. नव्या डॉट नेटमध्ये निदान 'गोळा झालेल्या डेलिगेटवर कॉलबॅक आला' अशा अर्थाचा संदेश मिळतो, जुन्यात बहुधा नुसता सी००००००५.

उपाय एका ओळीचा : डेलिगेट आधी फील्डमध्ये ठेवा, मग तो फील्ड डीएलएलला द्या. लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवून भागत नाही. डीबग बिल्डमध्ये लोकल व्हेरिएबल मेथड संपेपर्यंत जिवंत धरलं जातं, रिलीजमध्ये शेवटच्या वापरानंतर लगेच गोळा होऊ शकतं. 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय, कारखान्यात नाही' याचं एक खरं कारण हेच. ज्यांच्याकडे सी शार्प ९ आहे त्यांनी स्टॅटिक मेथडवर अनमॅनेज्ड-कॉलर्स-ओन्ली हे ॲट्रिब्यूट लावून फंक्शन पॉइंटर द्यावा, त्यात डेलिगेटच नसतो.

३२ बिटमध्ये कॉलिंग कन्व्हेन्शनही (फंक्शन बोलावल्यावर स्टॅक कुणी आवरायचा याचा करार) तपासा. एसटीडीकॉल आणि सीडीक्लची गल्लत झाली की स्टॅक बिघडतो. ६४ बिट विंडोजमध्ये हा फरक राहत नाही, त्यामुळे एकाच डीएलएलची ६४ बिट आवृत्ती चालते आणि ३२ बिट पडते असं दिसतं. पॉइंटर कुठे इंटमध्ये कोंबला असेल तर नेमकं उलटं होतं : ३२ मध्ये चालतं, ६४ मध्ये पत्ता अर्धा कापला जातो.

स्ट्रक्टची मापं

चित्रासोबत डीएलएल माहितीचं एक स्ट्रक्ट भरून देते : चौकटीचा क्रमांक, वेळ, रुंदी, उंची. हेडर फाइलमधला 'लाँग' बघून आपणही लाँग लिहितो. विंडोजवर सीचा लाँग चार बाइटचा, सी शार्पचा आठ. सी प्लस प्लसचा बूल एक बाइटचा, पण सी शार्पचा बूल डीएलएलकडे जाताना मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर चार बाइटचा धरला जातो. पॅकिंग वेगळं असेल तर मधल्या रिकाम्या बाइटची भर निराळीच. मापं जुळवायचा खात्रीचा मार्ग : सीच्या बाजूने साइझऑफ छापा, आपल्या बाजूने मार्शलचं साइझऑफ छापा आणि दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत पुढे जाऊ नका. अनेक डीएलएलच्या स्ट्रक्टमध्ये पहिलाच आकडा 'या स्ट्रक्टचं माप' असा असतो, तो प्रामाणिकपणे भरा.

फक्त बंद करतानाच पडत असेल तर

ऑपरेटरने स्टॉप दाबलं की प्रोग्रॅम जातो, अशी तक्रार असेल तर क्रम उलटा आहे. आपण आधी बफर फ्री करतो, मग कॅमेरा थांबवतो. डीएलएलचा थ्रेड अजून शेवटची चौकट लिहीत असतो. आधी कॅमेऱ्याला थांबायला सांगा, चालू असलेला कॉलबॅक संपेपर्यंत थांबा, कॉलबॅकची नोंद काढा, डीएलएलकडून बफर परत घ्या आणि सगळ्यात शेवटी पिन सोडा. थ्रेडस्लीप घालून 'अर्धा सेकंद पुरेल' असं करू नका, मशीनवर भार आला की तो पुरत नाही. इव्हेंट वापरून खरंच संपल्याची वाट बघा.

अनसेफ लागतंच का?

प्रत्येक वेळी नाही. गेटपिक्सेलने (एकेक पिक्सेल देणारं फंक्शन) पूर्ण चौकट वाचायला गेलं तर ताका पुढे निघून जातो, म्हणून लोक पॉइंटरकडे वळले, आणि त्या काळी ते योग्यच होतं. आज स्पॅन आहे, म्हणजे मेमरीच्या सलग तुकड्याकडे हद्द सांभाळून बघणारा प्रकार. सी शार्प ७.२ आणि डॉट नेट कोअर २.१ पासून तो भाषेत आणि रनटाइममध्ये नीट बसलेला आहे, फ्रेमवर्कमध्ये नूगेटच्या पॅकेजमधून मिळतो. स्पॅनला स्वतःची लांबी माहीत असते. हद्द ओलांडली तर त्याच ओळीवर सरळ एक्सेप्शन येतो, कुठल्या ओळीत झालं तेही कळतं. लूप स्पॅनच्या लांबीपर्यंत चालवला तर जेआयटी (प्रोग्रॅम चालताना मशीन कोड बनवणारा कंपायलर) बऱ्याचदा हद्दीची तपासणी काढूनही टाकतो, त्यामुळे वेगाचा फरक थोडाच उरतो. मापून बघा आणि मगच पॉइंटर ठेवा.

कॅमेऱ्याच्या नमुना कोडमध्ये अनसेफ होतं म्हणून आपल्या प्रोजेक्टभर अनसेफ पसरलेलं मी बघतो तेव्हा पहिलं काम हेच करतो : डीएलएलशी बोलणारा भाग एका छोट्या वेगळ्या प्रोजेक्टमध्ये काढतो, अनसेफची परवानगी फक्त त्याला ठेवतो आणि बाहेर स्पॅन किंवा साधा ॲरे देतो. पुढे काही झालंच तर बघायला एक फाइल असते.

दुरुस्त झालं हे कसं कळणार

दोन शिफ्ट न पडता गेल्या एवढ्यावर विश्वास ठेवू नका. चाचणीच्या बिल्डमध्ये एक वेगळा थ्रेड ठेवा, जो दर काही मिलिसेकंदांनी जीसीच्या कलेक्ट फंक्शनला दुसरी पिढी, सक्तीने, थांबून आणि आवरून असे चारही पर्याय देऊन बोलावेल. प्रोग्रॅम खूप हळू होईल, ते चालेल. जुना, बिघडलेला कोड अशा थ्रेडसोबत आधी चालवा. एरवी अर्धी शिफ्ट घेणारा बिघाड बहुधा थोड्याच वेळात समोर येतो. आला, की तोच थ्रेड तसाच ठेवून दुरुस्त कोड चालवा : नॅपकिनचा प्रोग्रॅम, २५१ ची विषम रुंदी, रिलीज बिल्ड आणि बफरच्या शेवटी १७१ चे ६४ बाइट. मधूनमधून स्टार्ट-स्टॉपही दाबत राहा. रात्रभर हे टिकलं, तर सकाळी तो थ्रेड काढून नेहमीचं बिल्ड टेबलावर द्या. १७१ ची तपासणी मात्र कायमची राहू द्या.